फोटो काढण्यास सक्त मनाई

पुलाच्या तोंडाशी, धरणाच्या वाटेवर, विमानतळाच्या कुंपणाला किंवा एखाद्या सरकारी कचेरीच्या फाटकावर हा फलक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. निळ्या नाहीतर लाल पत्र्यावर पांढरी अक्षरे आणि खाली 'हुकुमावरून'. हुकूम कोणाचा, कधीचा, कोणत्या कायद्याखालचा, याचा पत्ता नसतो. मी सरकारी कारकून. आमच्या टेबलावर येणाऱ्या साध्या स्टेशनरीच्या मागणीपत्रालाही जावक क्रमांक आणि तारीख लागते. ती नसली तर कागद परत जातो. त्यामुळे ज्या हुकमाच्या जोरावर भर रस्त्यात माणसाच्या हातातला कॅमेरा काढून घेतला जातो त्याला क्रमांकच नसावा, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. हा हुकूम आला तरी कुठून, ते शोधायला मी काही जुनी पाने चाळली. सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

कॅमेऱ्याची भीती ही कॅमेऱ्याइतकी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकातला फोटोग्राफर म्हणजे तिकाटणे, काळे कापड, काचेच्या पट्ट्यांच्या पेट्या आणि त्या वाहणारे दोन-चार हमाल. तो कुठे उभा आहे ते गावभर कळायचे. राजा दीनदयाळ यांचेच पाहा. हे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, म्हणजे एका अर्थी आमच्याच जातीचे. १८७४ च्या सुमारास त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे निजामाच्या पदरी हैदराबादला गेले. किल्ले, राजवाडे, फौजा, लाटसाहेबांचे दौरे, सारे त्यांनी टिपले आणि सरकारने कौतुकच केले. त्या काळी छायाचित्रण ही सरकारच्या उपयोगाची कला होती.

फरक पडला तो कॅमेरा लहान झाल्यावर. १८८८ साली कोडॅकचा पहिला कॅमेरा आला. आत शंभर फोटोंचा रोल घातलेलाच असे. तो संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे धाडायचा. आता कोणीही, कुठेही, समोरच्याला न विचारता फोटो काढू लागला. दोनच वर्षांत, १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर आपला प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात या झटपट छायाचित्रांबद्दलची तक्रार आहे. ती तक्रार मुळात रास्त होती. पण ती होती नागरिकाची, दुसऱ्या नागरिकाविरुद्ध. सरकारला कॅमेऱ्याची धास्ती वाटू लागली ती आणखी वीस वर्षांनी, आणि ती कथा मोठी रंजक आहे.

१९१० च्या ऑगस्टमध्ये ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन इंग्रज अधिकारी उत्तर समुद्रातल्या बोर्कुम या जर्मन बेटाच्या टेहळणीच्या प्रकरणात पकडले गेले. किनाऱ्यावरच्या तटबंदीची टिपणे, नकाशे आणि फोटो त्यांच्यापाशी मिळाले. लाइपझिगला खटला होऊन दोघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या पाठोपाठ, सप्टेंबरात, हेल्म नावाचा एक तरुण जर्मन लेफ्टनंट इंग्लंडात पोर्ट्समथच्या किल्ल्यांची चित्रे वहीत काढताना सापडला. इंग्लंडचा तेव्हाचा कायदा १८८९ चा आणि बराच नरम. हेल्मने गुन्हा कबूल केला, न्यायाधीशांनी हमी घेऊन त्याला सोडून दिले आणि तो मायदेशी परतला. आपले दोघे जर्मनांच्या कैदेत आणि त्यांचा एक मात्र मोकळा! इंग्रज सरकारच्या हे मनाला लागले असल्यास नवल नाही. पुढच्याच वर्षी मोरोक्कोवरून जर्मनीशी तणातणी सुरू असताना, १८ ऑगस्ट १९११ च्या शुक्रवारी, ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट म्हणजे शासकीय गुपितांचा नवा कायदा ब्रिटिश कॉमन्स सभेने तासाभराच्या आत मंजूर करून टाकला. एरवी गावच्या गटाराच्या ठरावालाही याहून जास्त वेळ लागतो.

हिंदुस्थानात या कायद्याचे जुने रूप १८८९ पासूनच होते. कर्झनने १९०३-०४ मध्ये ते अधिक कडक करायला घेतले, लष्करी गुपितांबरोबर मुलकी कारभारही त्याच्या कक्षेत ओढला, तेव्हा वरिष्ठ कायदे मंडळात त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत आपले गोपाळ कृष्ण गोखले होते. कायदा व्हायचा तो झालाच. गोखल्यांना आपण मवाळ म्हणून मोकळे होतो, पण हा विरोध मवाळ नव्हता. पुढे १९११ च्या इंग्लिश कायद्याच्या साच्यावर १९२३ चा हिंदुस्थानी कायदा तयार झाला. साहेब गेला, कायदा राहिला. तो आजही अमलात आहे.

आता या १९२३ च्या कायद्यात फोटोविषयी काय आहे? आमच्या धंद्यातली एक खोड म्हणजे कलमापेक्षा व्याख्या आधी वाचायच्या. या कायद्यात 'रेखाचित्र' या शब्दाच्या व्याख्येत फोटो येतो. म्हणजे हेल्मची वही आणि तुमचा कॅमेरा एकच. दुसरी व्याख्या 'निषिद्ध जागा' हिची. लष्करी ठाणी, शस्त्रागारे, नौदलाच्या गोद्या वगैरे त्यात थेट येतात, त्याबद्दल वाद नाही. पण रेल्वे, रस्ता, जलमार्ग, त्यांवरची बांधकामे (म्हणजे आपले पूल), पाण्याची आणि विजेची केंद्रे ही आपोआप निषिद्ध ठरत नाहीत. शत्रूला उपयोग होईल या कारणासाठी केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती जागा तशी जाहीर करावी लागते आणि त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी लावायची, तीसुद्धा इंग्रजीत आणि त्या भागातल्या लोकांच्या भाषेत, अशी व्याख्येतच तरतूद आहे. शिवाय नुसता फोटो काढला म्हणून गुन्हा होत नाही. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक अशा हेतूने तो काढलेला असावा लागतो. संरक्षणाशी संबंधित प्रकरणात शिक्षा चौदा वर्षांपर्यंत.

म्हणजे ज्या कायद्याला आपण जुलमी म्हणतो त्यानेही काही पायऱ्या घालून दिल्या होत्या. आधी जाहीर करा, मग लोकांना त्यांच्या भाषेत सांगा, मग हेतू तपासा. (हेतूच्या बाबतीत एक चोरवाट त्यात आहेच. आरोपीचे वर्तन आणि त्याची माहीत असलेली चालचलणूक पाहून हेतू वाईट होता असे न्यायालय धरू शकते.) पुढे काय झाले तर पायऱ्या गळून पडल्या आणि मनाई तेवढी उरली. १९६२, १९६५, १९७१ अशी लागोपाठ युद्धे झाली. पूल उडवले जातील ही भीती तेव्हा खोटी नव्हती. आम्हा गोवेकरांनी तर १९६१ च्या डिसेंबरात परतणाऱ्या पोर्तुगीजांनी आपलेच पूल सुरुंग लावून उडवलेले पाहिले आहेत. अशा काळात लागलेले फलक समजू शकतात. पण युद्ध संपल्यावर ते काढायचे कोणी? फलक लावायला हुकूम लागतो तसा काढायलाही लागतो, आणि काढण्याचा हुकूम देऊन नसती जबाबदारी अंगावर घेणारा अधिकारी मी माझ्या नोकरीत तरी पाहिलेला नाही.

या सगळ्याचा चटका मला स्वतःला बसला तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षी. इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाला गावाजवळच्या एका जुन्या वास्तूवर दहा पाने लिहून आणायला सांगितली होती. मी आमच्या नदीवरचा जुना पूल घेतला. मामाचा यशिका कॅमेरा मागून आणला. त्यातला छत्तीसचा रोल निम्मा भरलेला होता. मामेभावाची मुंज नुकतीच होऊन गेली होती. धक्क्यावर उभा राहून पुलाच्या खांबांचे सात-आठ फोटो काढले असतील, तेवढ्यात एक शिपाई सायकल टेकवून खाली आला. "फोटो काडूंक जायना हांगा. कोणे सांगलें रे तुका?" मी कॉलेजचे ओळखपत्र दाखवले, सरांचे नाव सांगितले, साहेब साहेब म्हणून विनवले. त्याने शांतपणे कॅमेऱ्याचे पाठीमागचे झाकण उघडले आणि रोल बाहेर ओढून उन्हात धरला. पुलाबरोबर मुंजही गेली. भिक्षावळीला मामाची आई बसली होती, तिचा त्यानंतर नीट असा फोटो कोणी काढलाच नाही. त्या शिपायावर माझा राग नाही. त्याला कोणीतरी सांगितले होते, त्याने ते केले. पण त्या पुलावर फलकसुद्धा नव्हता.

पुढे नोकरीत लागल्यावर फौजदारी प्रक्रिया संहिता हाताशी आली तेव्हा पहिले पान उघडले ते कलम १०२ चे. गुन्ह्याचा संशय येईल अशा स्थितीत सापडलेली वस्तू पोलीस जप्त करू शकतात, पण जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला द्यावी लागते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम १०६ म्हणून आले आहे. जप्त करता येते. जागच्या जागी नष्ट करण्याचा अधिकार त्यात नाही. रोल खरोखर गुन्ह्याचा असेल तर तो पुरावा, आणि पुरावा उन्हात धरत नाहीत. आजही 'डिलीट कर' म्हणून जे दरडावले जाते त्याला हेच लागू पडते.

हे आपल्याकडेच होते असे मात्र समजू नये. ज्या लंडनने हा कायदा जन्माला घातला तेथे या शतकाच्या सुरुवातीला फोटोग्राफरांचे जे हाल झाले ते आपल्यापेक्षा फार वेगळे नव्हते. २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ ने पोलिसांना ठरावीक भागात कोणालाही, काही संशय नसतानाही, थांबवून झडती घेण्याचा अधिकार दिला. परवानगी जास्तीत जास्त २८ दिवसांची. पण फेब्रुवारी २००१ पासून संपूर्ण लंडनसाठी ती दर महिन्याला गुपचूप नवी होत राहिली आणि लोकांना पत्ताही नव्हता. सरकारी 'तात्पुरते' म्हणजे काय असते हे मी सांगायला नको. सप्टेंबर २००३ मध्ये डॉकलंड्स भागात शस्त्रास्त्रांचे प्रदर्शन भरले होते. त्याविरुद्धची निदर्शने टिपायला आलेल्या एका स्त्री पत्रकाराला थांबवण्यात आले. तिने पत्रकाराचे ओळखपत्र दाखवले, तरी झडती झाली आणि चित्रण बंद करायला सांगितले गेले. तिच्याबरोबर निदर्शनाला निघालेला एक विद्यार्थीही कोर्टात गेला. इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाकडे ते २००६ मध्ये हरले. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात १२ जानेवारी २०१० रोजी जिंकले. गिलन व क्विंटन खटला तो हाच.

दरम्यान फेब्रुवारी २००९ मध्ये पोलीस किंवा सैनिकांची दहशतवाद्यांना उपयोगी पडेल अशी माहिती गोळा करणे हा आणखी एक गुन्हा झाला होता. पोलिसाचा फोटो काढला तरी आत जावे लागेल काय, अशी भीती त्यामुळे पसरली. निकालानंतर अकरा दिवसांनी, २३ जानेवारीला, शेकडो फोटोग्राफर ट्रॅफल्गर चौकात गळ्यात कॅमेरे अडकवून जमले. 'मी फोटोग्राफर आहे, दहशतवादी नव्हे' ही त्यांच्या मोहिमेची घोषणा. जुलैत गृहमंत्र्यांनी कलम ४४ चा वापर थांबवल्याचे जाहीर केले आणि २०१२ मध्ये ते रद्दच झाले. २००९-१० या एका वर्षात त्या कलमाखाली एक लाखाहून अधिक लोकांना अडवले गेले होते. त्यांतल्या एकालाही दहशतवादाच्या गुन्ह्याखाली अटक झाली नाही.

एक लाखात शून्य, हा आकडा मला फार बोलका वाटतो. हेरगिरी करणारा चारचौघांत तिकाटणे लावून उभा राहत नाही. मोठा कॅमेरा दिसतो, म्हणून तो अडवला जातो. शेजारी दहा जण खिशातल्या मोबाईलने तोच पूल टिपत असतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्येही नियम बराच काळ असाच चालला आणि तिकाटण्याला तर वेगळी परवानगी लागायची. १२ जुलै २०१८ रोजी दिल्लीत खात्याच्या नव्या मुख्यालयाचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनीच विचारले, की उपग्रह आकाशातून सारे टिपत असताना या मनाईला अर्थ काय? त्याच दिवशी खात्याने अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालची मुख्य कबर वगळता फोटोंना मोकळीक जाहीर केली. इतकी वर्षे जे देशाच्या वारशाला घातक होते ते एका दुपारीत निरुपद्रवी झाले! अजिंठ्याचा अपवाद मात्र मला पटतो. फ्लॅशचा उजेड आणि माणसांची गर्दी जुन्या रंगांना सोसत नाही. तिथे मनाईला कारण आहे आणि ते सांगता येते.

फोटोग्राफरांची बाजू घेताना त्यांचेही दोष पाहिले पाहिजेत. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून दिल्लीच्या दरबारी गर्दीत तीस वर्षे वावरल्या. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला, त्यामागे नव्या फोटोग्राफरांच्या बेशिस्तीचा उबगही होता. पुढे त्या बडोद्याला राहिल्या आणि २०१२ मध्ये तिथेच वारल्या. आपल्याकडे पर्रा गावचेच पाहा. 'डिअर जिंदगी' या २०१६ च्या सिनेमाने माडांमधला तो रस्ता देशभर नेला आणि पर्यटकांच्या झुंडी लोटल्या. कचरा, वाहनांची कोंडी, शेवटी २०१९ मध्ये पंचायतीने फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवतच असेल. पैसे घेणे चूक, पण गावकऱ्यांचा त्रास खोटा नव्हता. पणजीच्या फोंतायनशमध्ये घराच्या पायरीवर परके लोक पोझ देऊन उभे राहतात, तेव्हा दार उघडून बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा संताप मी समजू शकतो. बाईमाणसाचे चोरून, खासगी स्थितीतले चित्रण तर २०१३ पासून स्वतंत्र गुन्हाच आहे आणि तसाच हवा. मात्र हे सारे माणसांच्या तक्रारींचे प्रश्न आहेत. पुलाच्या खांबाला लाज वाटत नाही.

आणि पुलांचे फोटो आपल्याला लागतात. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल पडला, तेव्हा त्याला बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. पणजी आणि बारदेश यांमध्ये पुन्हा फेरीबोटी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. मुंबईहून गोव्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने तो कधी ना कधी ओलांडला होता. १८ मे २०१७ ला कुडचडे-सावर्डे येथला पोर्तुगीज काळातला पादचारी पूल, वापर बंद असूनही वर जमलेल्या गर्दीसकट नदीत कोसळला. अशा दुर्घटनेनंतर चौकशी बसते आणि पहिला प्रश्न निघतो, आधी हा पूल कसा दिसत होता? फाईलमध्ये उद्घाटनाचा फोटो असतो, फीत कापणाऱ्यांचा. मधल्या वर्षांतली भेग, कठड्याचा गंज, खांबावर चढलेली झुडपे हे टिपणारा कोणी असेलच तर तो धक्क्यावर उभा राहणारा हौशी माणूस, ज्याचा रोल आपण उन्हात धरतो.

न्यायालयाने अलीकडे या निषिद्ध जागेच्या व्याख्येकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. वर्धा येथे पोलीस ठाण्यातले संभाषण मोबाईलवर चित्रित केले म्हणून एका माणसावर याच १९२३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. व्याख्येत निषिद्ध जागांची यादी नेमकेपणाने दिली आहे, तीत पोलीस ठाणे नाही, सबब गुन्हा होत नाही, एवढाच सरळ तर्क. आपला गोवाही त्याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो, म्हणून आपल्या वकील मित्रांनी हा निकाल हाताशी ठेवावा.

राहता राहिली ती स्थानिक भाषेत प्रत लावण्याची तरतूद. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा राहिली. त्या भाषावादात आपण किती घसे कोरडे केले ते सर्वांना माहीत आहे. मी गेली काही वर्षे येता-जाता प्रत्येक मनाई-फलक थांबून वाचतो. इंग्रजी दिसते, हिंदी दिसते. खाली अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि मजकूर कोंकणीत किंवा मराठीत दिला आहे, असा फलक मला अजून एकही आढळलेला नाही. कोणाला आढळला तर जरूर कळवा, आणि शक्य असल्यास सोबत त्याचा फोटो पाठवा.